मॅडमच्या गोचिड्या

दारात कोणी आलं की आपण काय विचारतो? जेवलात का, बसा, पाणी देऊ का. फार तर तुमच्याकडं लावणी उरकली का. ती बाई कोणाच्याही दारात उभी राहिली की पहिला शब्द "गोचीड?" एवढाच. पुढं काही नाही, मागं काही नाही. भाजीवालीनं "मेथी?" म्हणावं तसं. आणि विचारून झालं की समोरच्याच्या तोंडाकडं बघायचीच नाही, त्याच्या अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत राहायची.

आमची भाडेकरीण होती ती. जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर. सापगावच्या अलीकडं आमचं घर आहे, पडवीच्या कडेला एक सुटी खोली आहे, तिथं ती राहायला आली. करोना ओसरला त्यानंतरची गोष्ट. घाटावरची बाई, पन्नाशीची, अंगानं भक्कम, लग्न केलेलं नाही. कोणी लग्नाचं विचारलं की म्हणायची, "बैलांचं दात मोजता मोजता माणसाचं बघायचं राहून गेलं." नाव सांगत नाही तिचं. गावानं ठेवलेलं नाव गोचीडबाय. ते तिच्या कानावर होतं आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तिला कशाचंच काही वाटत नव्हतं हो, तीच तर पंचाईत होती. तिच्या वाटणीची लाज मला वाटायची.

पांढरे मोजे घालायची आणि पॅन्टचे पाय त्या मोज्यांत खोचायची. शाळेतली पोरं कवायतीला निघावी तसं दिसायचं. का म्हणून विचारलं तर, "पांढऱ्यावर काळं दिसतं, आजी." संध्याकाळी परत आली की घरात शिरायच्या आधी माझ्या ओट्यावर बसून स्वतःला तपासायची. मोजे उलटे करून झटकायचे, पोटऱ्या बघायच्या, गुडघ्यामागं बोट फिरवायचं, कानामागं फिरवायचं. रस्त्यानं माणसं जातायत, येतायत, कोणी ओळखीचा हात करतोय, आणि ही मला म्हणणार, "आजी, माझ्या मानंवर बघा की जरा." मी बघायचे. काय करणार? बघताना माझीच मान खाली.

तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर लहान लहान बाटल्या ओळीनं मांडलेल्या असत. आत स्पिरिट आणि स्पिरिटात मेलेल्या गोचिड्या. काही तिळाएवढ्या, काही रक्त पिऊन एरंडाच्या बीसारख्या टंच झालेल्या. मी म्हणायचे, "मॅडम, खिडकीत नका ठेवू. मांजर येतं, एखादी फुटंल." तर तिला ते फार लागायचं. "आजी, नोकरीत केस पांढरं झालं, पण माझी एक बाटली फुटली न्हाई." बाकी कशाचा गर्व नव्हता तिला. एवढाच होता.

दवाखान्यातून आली की आणखी एक काम असायचं. काठीला पांढरं फ्लॅनेलचं फडकं बांधायचं आणि रानाच्या कडेनं गवतातून ते ओढत चालायचं. गवताच्या शेंड्यावर गोचीड जनावराची वाट बघत टपून बसलेली असते, काही घासून गेलं की त्याला चिकटते. फडक्याला चिकटल्या की कुठल्या वाटेला जास्त आहेत ते हिला कळायचं. हे मला मागाहून समजलं. गावाला आधी काय दिसलं? एक बाई पांढरं कापड जमिनीवरून ओढत चाललीय, मधेच थांबते, कापड पालथं घालते, त्याच्यापुढं गुडघे टेकते आणि त्यावरचं काहीतरी अलगद वेचून घेते. शेजारच्या काकींनी बांधावरून ते बघितलं आणि तशाच माझ्याकडं आल्या.

"ते कफनाचं कापड हाय गो. कोणाला ठेवलंयस घरात?"

"अहो काकी, सरकारी डॉक्टर हाय ती."

"सरकारी असंल. कापड कोणाचं हाय ते विचार."

दुसऱ्या दिवशी कोणीतरी लिंबू-मिरच्या बांधून गेलं. तिच्या खोलीला नाही, माझ्या फाटकाला. मॅडमनी ते सोडलं, लिंबू हुंगून बघितलं आणि म्हणाल्या, "ताजं हाय की." त्याचं सरबत करून मला पण दिलं. मी ते प्यायले, ही गोष्ट काकींना अजून माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका किड्यापायी एवढं काय. तर आधी आमच्याकडची रीत सांगते. गुरांना गोचीड सगळीकडंच होते. पण आमच्याकडं ती गुराला झाली असं धरत नाहीत, घरातल्या बाईला झाली असं धरतात. गोठा बघून सून ओळखावी म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिली गोष्ट शिकवली ती चुलीवरची नव्हती. दुपारी पुरुषमाणसं रानात गेली की गोठ्याच्या मागं न्यायची, बोटाला राख लावायची म्हणजे निसटत नाही, कानाच्या मुळाशी गोचीड चिमटीत धरायची, जरा पीळ द्यायचा आणि ओढायची. मग दगडावर ठेवून अंगठ्याच्या नखानं फोडायची. दगड लाल व्हायचा, तो धुवायचा आणि मगच पुढच्या दारी यायचं. कोणी विचारलं तर? "आमच्यात कुठल्या गोचिड्या." हे सासूचं वाक्य, तेच माझं आणि तेच माझ्या सुनेचं.

आणि ही बाई दारोदार नेमकं तेच विचारत फिरते. मग काय उत्तर मिळणार तिला? "नाय हो मॅडम." "आमच्यात नाय, पलीकडच्यांना विचारा." पलीकडचे म्हणणार, अलीकडच्यांना विचारा. म्हणून ती कोंबड्यांकडं बघायची. गोठ्यात गोचीड असली की कोंबड्या गुराच्या पायांत घोटाळतात, वर माना करकरून कासेला, मांड्यांना टोचतात, खातात. "माणसं बोलत्यात ते ऐकायचं," म्हणायची, "आन् कोंबड्या करत्यात ते लिवून घ्यायचं."

एकदा मीच तिला हळदीकुंकवाला बसवलं. म्हटलं एकटी बाई आहे, बायकांत मिसळेल. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, आणि एवढ्या नटून बसलेल्या बायकांना विचारते, "तुमच्यातलं कोण कोण गोचीड नखानं फोडतं?" सगळ्यांनी आपापले अंगठे पदराखाली घेतले. ही आपला अंगठा पुढं करून सांगते, "मी पण फोडायची ल्हानपणी. पटकन वाजती, मजा वाटती." मग तिनं समजावलं. काँगो नावाचा एक ताप आहे. क्वचित होतो, पण झाला तर वाईट. गुजरातच्या बाजूला माणसं दगावली आहेत त्यानं. गाईला काही होत नाही, तिला पत्ताच नसतो. गोचीड माणसाला चावली, नाहीतर उघड्या हातानं फोडली आणि तिचं रक्त कुठं चिरेत गेलं, की माणसाला ताप येतो. अंग मोडून येतं, पुढं नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. आणि मग त्या माणसाचं रक्त जो उघड्या हातानं पुसेल, त्याला पण होतो. घरच्यांना होतो, नर्सला होतो. म्हणून हातमोजे घाला, चिमट्यानं काढा, रॉकेलात टाका, फोडू नका, मला बोलवा, मी गोठ्यात औषध मारते.

"लाजू नका," म्हणाली. "लाजायचं का भ्यायचं, असं आसंल तर भ्या."

तिची पाठ वळली तशा बायका फिसफिस हसल्या. एकजण मला म्हणाली, "काकू, पुढच्या वर्षी बोलवाल तर आधी सांगा. मी येणार नाय." आणि मी मॅडमना पुढच्या वर्षी बोलावलं नाही.

त्याच वर्षात माझ्या मुलानं गीर गाय आणली, गुजरातच्या बाजूनं आलेल्या दलालाकडून. लांब कानांची, लाल, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. कानांच्या आत बोट घातलं तर गोचिड्याच गोचिड्या. मॅडमना दिसल्याशिवाय राहणार थोड्याच. त्यांना गावी जायचं होतं, आईचं दुखणं निघालेलं. जाताना सुनेला म्हणाल्या, "मी आले की औषध मारू. तंवर कोणी हात लावू नका. चिमटा आन् हातमोजे ठिवलेत दाराजवळ."

पण त्याच आठवड्यात नातीचा साखरपुडा होता. स्थळ मुरबाडचं. त्यांचा मोठा गोठा, दूध डेअरीला जातं, आणि गुरांची माया असलेली मुलगी पाहिजे असं त्यांनीच बोलून दाखवलेलं. विहीणबाईंनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "तुमची गीर बघायचीय हो आमाला." आता सांगा. औषध मारलं तर वास राहतो, वास आला की कळतं कशाला मारलं. आणि चिमट्यानं काढत बसलो तर दिवाळी येईल.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही तिघी गोठ्यामागं बसलो. मी, सून आणि नात. राखेची वाटी मधे. पोरीचा हात काय चालत होता, मी बघतच राहिले. माझ्या सासूचा हात उतरलेला तिच्यात. फटाफट काढत होती, दगडावर फोडत होती आणि आईला चिडवत होती, "आई, उद्या सासूबाईंनी विचारलं की तुला काय काय येतं, तर हे सांगू का?" सून म्हणाली, "गप गो, कोणी ऐकंल." दगड धुतला. कोंबड्या कोंडून ठेवल्या, हे माझं डोकं.

साखरपुडा छान झाला. विहीणबाईंनी गाईच्या कानातून हात फिरवला, पाठीवरून फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "एक गोचीड नाय बघा. गोठ्यावरनं घर कळतं." माझी सून एवढीशी लाजली. छान वाटलं हो. खोटं कशाला बोलू.

पुढच्या आठवड्यात पोरीला ताप भरला. आधी वाटलं दगदग. मग अंग फोडून काढल्यासारखं दुखायला लागलं, आणि सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त. शहापूरला खाजगी दवाखान्यात ठेवली. डॉक्टर म्हणाले डेंग्यू दिसतो, पेशी कमी झाल्यात, तपासू. मुरबाडहून विहीणबाई आणि नवरदेव शहाळी घेऊन धावत आले. माणसं चांगली, खोट काढायला जागा नाही.

डॉक्टर तरुण होते, रीतीप्रमाणे विचारत होते. बाहेरगावी गेली होती का, उघड्यावरचं काही खाल्लं का. मग म्हणाले, "घरात जनावरं आहेत? गोचीड-पिसवा काही?"

सुनेनं विहीणबाईंकडं बघितलं. "गाय हाय. पण गोचीड वगैरे नाय हो. आमचा गोठा फरशीचा हाय."

"मी स्वतः बघितलाय," विहीणबाई म्हणाल्या. "आरशासारखा."

मी खाटेच्या पायथ्याशी उभी, हातात पेजेचा डबा. आणि समोर काय दिसत होतं मला? डोळखांबकडची कोवळी नर्स, लग्न व्हायचं असेल तिचं पण, पोरीची हनुवटी धरून उघड्या बोटांनी कापसानं तिच्या हिरड्यांचं रक्त टिपत होती. "आ कर गो ताई, झालं, झालं," असं मायेनं बोलत होती. हळदीकुंकवाला मॅडम जे बोलल्या होत्या ते माझ्या कानात वाजत होतं. बोलायचं म्हणून तोंड उघडलं, आणि विहीणबाईंचा तो गाईच्या कानातून फिरलेला हात डोळ्यांपुढं आला. बोललं तर लग्न जाईल. न बोललं तर नात जाईल, नाहीतर ही नर्स जाईल. हे मला समजत नव्हतं असं नाही. समजत होतं. तरी मी पेजेच्या डब्याचं झाकण घट्ट लावत राहिले.

तेवढ्यात दारात पांढरे मोजे दिसले.

मॅडम गावाहून थेट घरी आल्या होत्या. घर बंद बघून काकींना विचारलं, पोरीचा ताप कळला, मग गोठ्यामागं गेल्या. दगड आम्ही धुतला होता, पण दगडाच्या चिरेतलं कुठं निघतं. राखेची वाटी तिथंच राहिलेली. बघितलं आणि तशीच स्कूटर काढून आल्या.

आल्या आल्या मलाच विचारलं, "आजी, साखरपुड्याच्या आदी गोठ्यात काय केलंत?"

मी विहीणबाईंकडं बघितलं. बस, एवढंच केलं. मॅडमनी माझी नजर बघितली, मग विहीणबाईंना बघितलं, शहाळी बघितली, पोरीच्या बोटातली अंगठी बघितली. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं ओळखलं त्यांनी. आणि डॉक्टरांकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, चूक माझी हाय. मी जनावरांची डॉक्टर, यांच्याकडं भाड्यानं ऱ्हाते. खोलीत गोचिडांच्या बाटल्या ठेवते. एक बाटली फुटली, गोचिड्या घरभर झाल्या. या पोरीनं बिचारीनं त्या हातानं वेचल्या आन् नखानं फोडल्या. तिला ठावं न्हवतं. काँगोचा संशय धरा. सिस्टर, आदी हात धू बाळा. साबणानं, कोपरापर्यंत. मोजे घाल आन् मगच हात लाव."

नर्सनं कापूस टाकला आणि बेसिनकडं पळाली. डॉक्टर हुशार, वाद घातला नाही. पोरीला वेगळ्या खोलीत नेलं, दारावर माणूस बसवला, आत जाणाऱ्याला मोजे, मास्क, गाऊन. रक्त पुण्याला पाठवलं. करोनानंतर पुण्याला रक्त पाठवलं म्हटलं की लोक देव पाण्यात ठेवतात, तसे आम्ही पण ठेवले. विहीणबाई रडत होत्या आणि रडता रडता मॅडमना बोलत होत्या. "बाई, तुमाला लाज नाय का? माणसांच्या घरात किडे पाळता?" मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांची मान खाली गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. माझी सून भिंतीकडं तोंड करून उभी. मी हातातला डबा खाली ठेवायचा विसरून गेलेली.

अहवाल आला. काँगो नव्हता, डेंग्यूच होता. पोरगी बरी झाली, घरी आली, देवाची कृपा. मुलगा मॅडमवर चिडला, उगाच शोभा झाली म्हणाला. मॅडम म्हणाल्या, "न्हवता ते बरंच झालं की. मोजे काय वाया गेले व्हय?" आणि सुनेनं केलेला शिरा दोनदा मागून खाल्ला.

पण बाटली फुटल्याची बातमी तोवर तानशापर्यंत पोचली होती. आणि मग जे झालं ते ऐकण्यासारखं आहे. सकाळी एकजण फाटकात उभा राहून ओरडायला लागला.

"ओ मॅडम, बाहेर या. तुमच्या गोचिड्या माझ्या म्हशीवर चढल्यात."

मॅडम चहाचा कप घेऊन बाहेर आल्या. "कुटं हायेत दादा? कानात का कासंला?"

"सगळीकडं हायेत. तुमीच आणल्या, तुमीच काढा आता."

"काढते की. चुकलं माझं. हातानं फोडल्या तर न्हाई ना?"

"मी कशाला हात लावू तुमच्या घाणीला?"

"शाब्बास," म्हणाल्या, आणि मोजे चढवून त्याच्या मागून निघाल्या. चेहरा असा, की लग्नाचं आमंत्रण आलंय.

त्यानंतर रोज कोणी ना कोणी. इतकी वर्षं ज्या गोठ्यांत एक गोचीड नव्हती, त्या सगळ्या गोठ्यांत मॅडमच्या गोचिड्या निघाल्या. बायका भांडायला यायच्या, हळदीकुंकवाला फिसफिस हसलेल्या सगळ्या आल्या. काकी सुद्धा आल्या, कफनावरून बसून आल्या असतील म्हणाल्या. मॅडम प्रत्येकीची माफी मागायच्या आणि प्रत्येकीच्या गोठ्यात औषध मारायच्या, भिंतीच्या फटी लिंपून घ्यायला लावायच्या, हातमोजे वाटायच्या. आमच्याकडं तर बोलायची रीतच पडली. गुराच्या अंगावर काही दिसलं की बायका एकमेकींना म्हणायच्या, "बाटली फुटली गो आमच्यात." कोणाला लाज नाही, कशाचं काही नाही. फोडायचं सगळ्यांनी सोडलं. दुसऱ्याच्या गोचिडीला कोण हात लावतो?

मी मात्र आतल्या आत जळत होते. स्पिरिटातल्या मेलेल्या गोचिड्या चालत कशा येतील, एवढं सुद्धा कोणाच्या डोक्यात येऊ नये? मी बचत गटात बोलले. म्हटलं, बायांनो, त्या आमच्या गाईच्या होत्या. तर म्हणाल्या, "काकू, तुमी भाडेकरणीला सांभाळून घेता." मी म्हटलं, अगो, बाटलीतल्या मेलेल्या असतात. तर एकजण म्हणाली, "करोना पण गेला गेला म्हणायचे आणि परत यायचा." मग मी मुरबाडला गेले, विहीणबाईंच्या समोर बसले आणि म्हटलं, बाई, साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आम्ही हातानं वेचल्या, कोंबड्या मी कोंडल्या. त्यांनी माझे हात धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "आजी, किती मोठं मन तुमचं. एवढं होऊन त्या बाईला पाठीशी घालता." आणि घरातल्या सगळ्यांना हाका मारून माझ्या पाया पडायला लावलं. सांगा, कुठं तोंड लपवू मी? खोट्याची लाज एकदाच वाटते. ह्या मोठ्या मनाची रोज वाटते.

मॅडमना सांगितलं तर त्या माझ्यावरच रागावल्या. तेवढं एकदाच. "आजी, सांगत फिरू नका. लोकांना पटलं तर काय व्हईल? परत सगळी म्हणत्याल, आमच्यात कुटल्या गोचिड्या. परत गोठ्यामागं बसून फोडत्याल. आत्ता माझ्या हायेत तर माझ्याच ऱ्हाऊ द्या."

पंचायतीत तक्रार झाली, वर गेली. वरच्या साहेबांना स्पिरिटाचं कळत होतं, मी त्यांना पण जाऊन सांगितलं होतं. ते म्हणाले, "मावशी, मला माहितेय. पण गाव शांत व्हायला पाहिजे ना." मॅडमची बदली झाली, लांब, विदर्भाच्या बाजूला. लग्नाला त्यांना बोलवायचं मी म्हटलं, तर मुलगा म्हणाला मुरबाडकरांना कसं वाटेल. ह्या खेपेला मी ऐकलं नाही, पत्रिका घेऊन खोलीत गेले. त्यांनीच परत दिली. "पोरीला सुखानं नांदू द्या," म्हणाल्या.

गेल्या त्या दिवशी बाटल्या माझ्या जुन्या लुगड्यांत गुंडाळून दिल्या मी. एकेक बाटली दोन्ही हातांनी ट्रंकेत ठेवली त्यांनी. टेम्पो आला, सामान चढलं. बसायच्या आधी परत ओट्यावर आल्या. मला वाटलं काही राहिलं. माझ्या अगदी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजी, तुमाला म्हणून सांगते. माझी एक पण बाटली फुटली न्हाई हो आजवर."

"माहितेय मला," मी म्हटलं.

"तुमाला तरी ठावं हाय," म्हणाल्या, आणि गेल्या.

आता परवाचं सांगते आणि थांबते. मुरबाडहून विहीणबाईंचा फोन. नातीचं सगळं बरं आहे, तिसरा महिना आहे. इकडचं तिकडचं झालं, मग आवाज एकदम खाली आला. "आजी, कोणाला बोलू नका हां. आमच्या गोठ्यात त्या झाल्यात. कधी नव्हत्या हो. तुमच्या त्या मॅडमच्याच असतील ना? पोरीच्या सामानाबरोबर आल्या असतील?"

लग्नाला वर्ष होऊन गेलं. सापगाव कुठं, मुरबाड कुठं. माझ्या तोंडात खरं येऊन उभं राहिलं होतं. विहीणबाई, गोचीड सगळ्यांच्याच गोठ्यात होते हो, त्यात लाजायचं काय, एवढंच म्हणायचं होतं. मग ती पोटुशी पोर डोळ्यांपुढं आली, बोटाला राख लावून गोठ्यामागं बसलेली.

"हो विहीणबाई," मी म्हटलं, "तिच्याच. दुसऱ्या कोणाच्या असणार? तुमी हात लावू नका, पोरीला तर गोठ्यात जाऊच देऊ नका. जनावरांच्या दवाखान्यात बिनधास्त सांगा, शहापूरच्या मॅडमच्या आल्यात म्हणून."

"सांगते," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातलं ओझं उतरलेलं मला इकडं कळलं. "काय बाई होती हो ती."

"होती खरी," मी म्हटलं.

फोन ठेवला. सून भाजी निवडत होती, तिनं वर बघितलं. "काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

पदर तोंडाला लावून मी म्हटलं, "बरी हाय गो. बाटली फुटली परत. मुरबाडला."